पावसाळ्यात बोर्ड कपाटावर, मग अंगाचं काय? (स्केटबोर्डिंगसाठी व्यायाम)

ग्रिपटेप

मुंबईत जून ते सप्टेंबर बोर्ड घराबाहेर काढण्यात अर्थ नसतो. सात थरांच्या मेपलच्या फळीत पाणी मुरलं की तिची उसळी जाते, बेअरिंग गंजतात आणि ओल्या काँक्रीटवर चाक कधी दगा देईल सांगता येत नाही. मग ऑक्टोबरात कार्टर रोडच्या स्केटपार्कवर दरवर्षी तेच दिसतं. मे महिन्यात सहज जमणाऱ्या उड्या मंडळी पहिल्याच रविवारी मारायला जातात आणि तासाभरात दोघं-तिघं घोटा धरून कडेला बसलेले असतात. तंत्र डोक्यात शाबूत असतं, पायांची तयारी मात्र गेलेली असते. ते चार महिने कामाला लावावेत म्हणून हा धागा.

इंटरनेटवर 'स्केटर वर्कआउट' शोधलं की पोटावरच्या सहा पाकळ्या आणि बोसू बॉलवर (अर्ध्या चेंडूसारख्या डळमळत्या गादीवर) उभं राहून डंबेल उचलणारे लोक दिसतात. त्यातलं फारसं काही लागत नाही. साधी ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डसकट मारलेली उडी घ्या. मागच्या पायाने टेल (बोर्डचं मागचं टोक) जमिनीवर आपटायची, पुढच्या पायाने ग्रिपवरून (फळीवरच्या खरखरीत कागदावरून) घासत बोर्ड वर न्यायचा, गुडघे छातीशी घ्यायचे. इथपर्यंत बरीचशी हातोटी आहे आणि ती बोर्डवर उभं राहिल्याशिवाय येत नाही. खरी मेहनत पुढे आहे. वरून येणारं सगळं वजन दोन पायांनी, पुष्कळदा एकाच पायाने, हलत्या फळीवर झेलायचं असतं. तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू आणि पोटरी ताणली जात असतानाच जोर लावत असतात. गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिन्यावर मांड्या बोंबलतात, त्या याच प्रकारच्या कामाने. म्हणून व्यायामही उतरण्याचाच करायचा.

माझ्या यादीत सगळ्यात वर आहे पायरी. जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहा आणि दुसरी टाच जमिनीला लागेपर्यंत सावकाश खाली या. मनात चार आकडे मोजा. गुडघा आत वळता कामा नये, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर करून बघा, बहुतेकांचा एक गुडघा आत पळतो. त्यानंतर पोटऱ्या. पायरीच्या काठावर चवडे ठेवून दोन पायांवर वर जायचं आणि एका पायावर हळूहळू खाली यायचं. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि वाकलेल्या गुडघ्यात काम खोलातल्या स्नायूवर जातं. आपण बोर्डवर सगळा वेळ गुडघे वाकवूनच असतो, त्यामुळे हा दुसरा प्रकार सोडू नका. सोपं वाटायला लागलं की सॅकमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी टाकायची.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. डावा पाय पुढे ठेवणारे रेग्युलर, उजवा पुढे ठेवणारे गूफी. तुम्ही कोणीही असा, ढकलताना पुढचा पाय सतत अर्धवट वाकून सगळा भार घेतो आणि मागचा पाय जमीन मारतो. वर्षानुवर्षं हेच केलं की दोन पाय दोन वेगळ्या माणसांचे असावेत असे होतात. त्यामुळे एकपायी व्यायाम कमजोर पायापासून सुरू करायचा आणि त्याला जितकं जमेल तितकंच दुसऱ्याला द्यायचं. कंटाळवाणं आहे, पण दोन्ही पाय सारखे झाले की स्विचमध्येही (नेहमीच्या उलट पाय पुढे ठेवून खेळताना) फरक पडतो.

उड्या मारायच्या, पण आवाज ऐकत. कमी उंचीच्या पाटावरून खाली उतरा. धप्प आवाज आला तर सांध्यांनी मार खाल्ला. पावलाचे चवडे, घोटे, गुडघे, खुबे असे क्रमाने वाकत गेले की आवाज जवळजवळ येत नाही. चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्या काकू हे परीक्षण फुकटात करून देतील.

आणि उकिडवं बसणं! टाचा जमिनीला टेकवून, हात न टेकता, पाच मिनिटं बसता येतं का बघा. आपल्या आज्या याच अवस्थेत भाजी निवडायच्या. कमोड आणि ऑफिसच्या खुर्चीने आपले घोटे आखडलेत. घोटा पुढे वाकत नसेल तर उतरताना टाच उचलली जाते आणि मार गुडघ्याला किंवा कमरेला जातो.

आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास. जिमची पावती फाडायची गरज नाही. घरातली गॅलरी आणि बिल्डिंगचा जिना पुरतो.

पडण्याबद्दल मुद्दाम लिहिलं नाही. त्यावर इथल्या कुणाचा तरी माझ्यापेक्षा चांगला अभ्यास असेल.

टपरीवरचा_चहा

वाखुसा (वाचनखूण साठवली). आधी वाटलं बूट-चाकांच्या स्केटिंगचा धागा आहे, शाळेत संध्याकाळी गोल गोल फिरवतात तो. फोटो टाका की राव.

कुर्ला_किकफ्लिप

दादा लिहिलंय एक नंबर, पण खरं बोलू का? व्यायाम करून कोणी किकफ्लिप (हवेत पायाने बोर्ड गरकन फिरवायची ट्रिक) शिकलेलं मी अजून पाहिलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये जो सगळ्यात भारी स्केट करतो तो वडापाव खाऊन येतो आणि थेट सुरू होतो. वॉर्मअप नाही, काही नाही. स्केटिंग करायचं असेल तर स्केटिंग करा. जिमवाले बॉडी बनवतात आणि बोर्डवर लाकडासारखे उभे राहतात.

ग्रिपटेप

@कुर्ला_किकफ्लिप, किकफ्लिप पायऱ्यांवर उतरून येत नाही, ते मीही वर लिहिलंय. तुझ्या मित्राचं वय किती? सतरा-अठरा असेल तर वडापाव पुरतो. प्रश्न असा आहे की एका संध्याकाळी त्याला किती वेळा प्रयत्न करता येतात. नवीन ट्रिक शंभर वेळा फसते तेव्हा एकदा बसते, आणि फसलेल्या प्रत्येक वेळी उतरावं लागतंच. ज्याचे पाय चाळिसाव्या प्रयत्नाला ढिले पडतात त्याचं शिकणं तिथेच थांबतं. आणि 'बस, ही शेवटची' म्हणून मारलेली उडी कुणाची कशी संपते ते तुलाही माहीत आहे.

लाकडासारखे उभे राहणाऱ्यांबद्दल सहमत. ते वजन उचलतात म्हणून ताठ नसतात, अर्ध्यावरच बैठक थांबवतात म्हणून ताठ असतात.

वेताची_दोरी

पडण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी दादरची, लहानपणापासून मल्लखांब. आता मुलांना शिकवते. स्केटबोर्ड कधी चालवला नाही, भाचा चालवतो म्हणून त्याचे व्हिडिओ घरात सतत चालू असतात. ते बघताना माझा जीव खालीवर होतो तो उंचीमुळे नाही, ही मुलं पडताना काय करतात ते बघून. तोल गेला की हात सरळ मागे. कोपर ताठ, तळवा जमिनीवर, सगळं अंग त्या मनगटावर.

आमच्याकडे खांबावर चढण्याआधी उतरणं घोटून घेतात. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा परदेशी मुलं बघायला मिळाली. चढण्यात काही आपल्या तोडीची होती, पण उतरताना कोण किती पाण्यात आहे ते लगेच कळायचं.

आता भाच्याला मी जे करायला लावते ते सांगते. गादी हवी, घरातली कापसाची चालेल. सुरुवात उकिडवं बसून. हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल करून मागे लोळायचं आणि परत यायचं, पाळण्यासारखं. हात छातीशी दुमडलेले. हे अंगवळणी पडेपर्यंत पुढे जायचं नाही. मग एका खांद्यावरून तिरकी कोलांटी. डोकं जमिनीला लागता कामा नये. उजव्या खांद्यापासून सुरू झालेला लोळ पाठीवरून तिरका जाऊन डाव्या खुब्यावर संपला पाहिजे. ज्युदोवाले हेच करतात, कुस्तीच्या तालमीत लाल मातीत हेच होतं. दोन्ही बाजू करा, लोकांना एकच खांदा येतो. मग उभं राहून, मग चालता चालता, मग हळू धावत. शेवटी कुणीतरी हलका धक्का द्यायचा आणि कधी देणार ते सांगायचं नाही. ठरवून पडायला सगळ्यांना येतं. खरी परीक्षा न ठरवता पडण्यात असते.

हात पूर्ण आवरता येत नाहीत, तो शरीराचा स्वभाव आहे. मग निदान कोपर मऊ ठेवा, बोटं पुढच्या दिशेला वळवा आणि हाताने मार झेलण्याऐवजी दिशा बदला. मनगटांसाठी दंड आणि सपाट्या. रोज.

अवांतर: २०२२ मध्ये गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांब पहिल्यांदा आला. त्याच स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचं सुवर्ण मिळवलं. आमचा खांब आणि तुमची फळी एकाच मांडवात होती म्हणायची.

ग्रिपटेप

@वेताची_दोरी ताई, याचीच वाट बघत होतो. एक भर घालतो. रस्त्यावर स्केट करणारे पुष्कळदा लोळतही नाहीत. ट्रिक बिघडली हे हवेतच कळतं, तेव्हा बोर्ड पायाने बाजूला लाथाडायचा आणि चार पावलं पळत उतरायचं. नवीन मुलं बोर्ड सोडतच नाहीत, अर्धवट चिकटून राहतात, आणि एक पाय फळीवर एक जमिनीवर अशा अवस्थेत जांघेचा स्नायू जातो. बोर्ड सोडून पळण्याचाही सराव करावा लागतो. बाउलमध्ये (पार्कातल्या गोल, खोलगट भागात) वेगळं. तिथे उतार असतो, गुडघ्याला पक्के प्लास्टिकचे पॅड असतात, तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर बसून घसरत खाली यायचं. तीच सवय घेऊन सपाट रस्त्यावर पॅडशिवाय कुणी गुडघ्यावर पडू नये.

सडेतोड_सायनकर

सगळं वाचलं. पण मला सांगा, या शहरात हे करायचं कुठे? फूटपाथवर पेव्हर ब्लॉक, रस्त्यावर खड्डे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेक्रेटरी, मरीन ड्राइव्हवर शिट्टी. आधी जागा मागा, मग पोटऱ्या कमवा.

ग्रिपटेप

सहमत आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. तोवर पेव्हर ब्लॉकच्या फटींवर ९९ए ची (आकडा मोठा तितकं चाक टणक) टणक छोटी चाकं नेऊ नका. इकडून तिकडे जायचंच असेल तर ७८ए च्या आसपासची मऊ, मोठी चाकं लावा. खडा चाकाखाली आला की टणक चाक जागच्या जागी थांबतं आणि आपण पुढे जातो.

पार्ल्याची_आई

माझी लेक ११ वर्षांची आहे, वर्षभर स्केट करते. दोन शंका. एक, टाच दुखते म्हणते, खेळल्यावर जास्त, पडल्याचं आठवत नाही. दोन, या वयात असे व्यायाम, पाठीला वजन लावून वगैरे, करावेत का? सासूबाई म्हणतात उंची खुंटेल. मला स्वतःला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, मी फक्त पाण्याची बाटली आणि पॅड सांभाळते.

सांधेवाला

फिजिओथेरपिस्ट आहे, पण धाग्यावर निदान होत नसतं. तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

@पार्ल्याची_आई, या वयात टाचेच्या हाडाला एक वाढीचा भाग असतो आणि पोटरीची जाड शीर (अकिलीस) तिथेच ओढत असते. उंची भरभर वाढते, स्नायू मागे राहतो, उड्या जास्त होतात आणि टाच दुखते. याला सेव्हर्स म्हणतात. असंच दुखणं गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर असलं तर ते ऑसगुड-श्लाटर. दोन्ही सहसा वाढ पूर्ण होता होता थांबतात. उड्यांचं प्रमाण कमी करणं, टाचेखाली मऊ गादी आणि पोटरीचे हलके व्यायाम याने बहुतेकांना बरं वाटतं. तरी एकदा दाखवा. रात्री झोपेत दुखत असेल, सूज असेल, किंवा मूल लंगडत असेल तर लगेच.

मुलांनी व्यायाम केल्याने उंची खुंटत नाही. कुणी जाणकार शेजारी उभा असेल, वजन बेताचं असेल आणि पद्धत नीट असेल तर उलट दुखापती कमी होतात. ११ वर्षांच्या मुलीला तांदळाची पिशवी नको, स्वतःचं वजन पुरेसं आहे. सासूबाईंना सांगा की पायरीवरून उतरणं हे काही वजन उचलणं नव्हे.

एक महत्त्वाचं. मुलांमध्ये हाडाच्या टोकाचा वाढीचा भाग अस्थिबंधापेक्षा (लिगामेंटपेक्षा) कच्चा असतो. मोठ्या माणसाचा घोटा जिथे मुरगळतो तिथे मुलाचं हाड दुखावलेलं असू शकतं. 'मुरगळलंय, तेल चोळा' असं परस्पर ठरवू नका. तेल चोळायचं तर कुणालाच नाही म्हणा, ताज्या दुखापतीवर.

आता सगळ्यांसाठी घोटा. पाऊल आत वळून बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो, ही सगळ्यात नेहमीची दुखापत. एक्सरे कधी काढायचा याची साधी पद्धत आम्ही वापरतो, ओटावा नियम म्हणतात. दुखापत झाल्यावर आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरच्या आत, दाबल्यावर दुखत असेल तर एक्सरे. पावलाच्या मधल्या भागात बाहेरच्या कडेला किंवा आतल्या उंचवट्यावर दाबून दुखत असेल तरी एक्सरे.

बर्फाबद्दल नेहमी विचारतात. विश्रांती-बर्फ-दाब-पाय उंच हा मंत्र १९७८ साली डॉ. गेब मर्किन यांनी रूढ केला आणि पुढे त्यांनीच म्हटलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. वेदना थांबवायला बर्फ लावा, काही बिघडत नाही. पण दोन आठवडे पलंगावर पडून राहू नका. झेपेल तितकं लवकर चालायला लागा.

आधी एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कारण तो सैल होतो आणि शिवाय पाऊल कुठे कसं आहे याची मेंदूला मिळणारी खबर मंदावते. ही खबर परत आणता येते. एका पायावर उभं राहा. जमलं की डोळे मिटा. जमलं की उशीवर. मग चेंडू भिंतीवर मारत झेलत. दात घासताना केलं तरी चालेल. या कंटाळवाण्या प्रकाराने पुन्हा मुरगळणं कमी होतं, याला भक्कम आधार आहे.

मनगटाबद्दल वेताची दोरी यांनी लिहिलंय ते सोन्यासारखं. त्यात इतकंच की पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखत असेल तर पहिला एक्सरे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नका. तिथल्या होडीच्या आकाराच्या हाडाची चीर पहिल्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी पुन्हा बघावं लागतं. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, दुर्लक्ष झालं तर जुळत नाही.

पार्ल्याची_आई

खूप आभार. उद्याच अपॉइंटमेंट घेते. सासूबाईंना धागा वाचून दाखवला, म्हणाल्या उकिडवं बसायचं मी कधीपासून सांगतेय.

निवांत_४७

मी आकड्यावरून कळतंय तेवढ्या वयाचा. अंधेरीत ऑफिस, पाठीचा पट्टा ड्रॉवरमध्ये. मुलाचा बोर्ड पडून आहे, त्याची हौस फिटली. मी सुरू करावं का? हसू नका.

कुर्ला_किकफ्लिप

काका या, आम्ही हसत नाही. पार्कात पन्नाशीचा माणूस ड्रॉप-इन करतो (उताराच्या काठावरून बोर्डसकट खाली उतरतो) तेव्हा सगळे बोर्ड आपटून सलाम करतात.

ग्रिपटेप

@निवांत_४७, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, २०२४ ला, पार्क प्रकारात ब्रिटनचे अँडी मॅकडोनाल्ड उतरले तेव्हा ५१ वर्षांचे होते. त्याच ऑलिम्पिकमध्ये चीनची झेंग हाओहाओ ११ वर्षांची. असा दुसरा खेळ सांगा. (पार्ल्याची आई, लेकीला सांगा.) पण मॅकडोनाल्ड तीसेक वर्षं व्यावसायिक स्केटर होते, ४७ व्या वर्षी पहिल्यांदा फळीवर चढले नव्हते. आणि दुसरी बाजूही ऐका. १९९९ मध्ये ३१ व्या वर्षी एक्स गेम्समध्ये हवेत अडीच गिरक्या घेणाऱ्या टोनी हॉक यांचं मांडीचं हाड मार्च २०२२ मध्ये मोडलं, ५३ व्या वर्षी. आयुष्यभर पडायला शिकलेला माणूस.

म्हणून तुमच्यासाठी क्रम उलटा. आधी तीन महिने पायऱ्या, पोटऱ्या, एका पायावर उभं राहणं. चाळिशीनंतर अकिलीस अचानक जोर सहन करत नाही, तिला हळूहळू सवय लागते. मग मऊ चाकांचा रुंद बोर्ड घेऊन सपाट जागेवर नुसतं ढकलणं आणि वळणं. ऑलीचं नाव पहिल्या वर्षी काढू नका. वळणं हाच केवढा आनंद आहे ते तरुणांना कळत नाही. मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून.

सांधेवाला

आणि कमरेचा पट्टा ड्रॉवरमध्येच राहू द्या.

घामाघूम_ठाणे

हवेचं कुणी बोललं नाही. मे आणि ऑक्टोबरात इथला दमट उकाडा असा असतो की घाम सुकतच नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. अकराच्या उन्हात काँक्रीटवर दोन तास खेळणाऱ्यांना चक्कर येते आणि ते नाश्ता केला नाही म्हणतात. सकाळी सहा ते साडेआठ, नाहीतर संध्याकाळी सहानंतर. पाणी नुसतं नको, मीठ जातं. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात, पुडीवर लिहिलंय तितक्याच. घरी करायचं तर लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. कोकम सरबतात मीठ घालून नेलं तर पोरं न कुरकुरता पितात. हा आमचा घरचा फॉर्म्युला.

कुर्ला_किकफ्लिप

ग्रिपटेप दादा, ती आवाजाची टेस्ट केली. उजव्या पायावर गपचूप, डाव्यावर धप्प. मी गूफी, म्हणजे डावा माझा मागचा पाय. आणि तो गेल्या वर्षी मुरगळला होता. डोळे मिटून डाव्यावर पाच सेकंदसुद्धा उभं राहता येत नाही. उजव्यावर आरामात. हे काय आहे?

सांधेवाला

हेच ते. गेल्या वर्षी सूज उतरली आणि दुखणं थांबलं की थेट बोर्डवर गेलास ना?

कुर्ला_किकफ्लिप

तीन दिवसांनी. पण दुखत नव्हतं.

सांधेवाला

दुखणं थांबणं ही सगळ्यात सोपी पायरी आहे. पूर्ण गतीने खेळायला लागण्याआधी आम्ही साध्या गोष्टी बघतो. दुखऱ्या पायाच्या चवड्यावर दुसऱ्याइतक्याच वेळा वर जाता येतं का. एका पायावर पुढे उडी मारून जागेवर थांबता येतं का, आणि अंतर दुसऱ्या पायाच्या जवळपास आहे का. तिरक्या उड्या न दुखता होतात का. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, पाऊल भिंतीपासून जितकं लांब ठेवून जमेल तितका घोटा मोकळा. दोन्ही बाजू मोजून बघ. पावसाळ्यात तुझ्याकडे वेळच वेळ आहे, दीड-दोन महिने रोज दहा मिनिटं दे. आणि पट्टी बांधून खेळायला हरकत नाही, आधी मुरगळलेल्यांना तिचा उपयोग होतो.

कुर्ला_किकफ्लिप

भिंतीची टेस्ट: उजवीकडे चार बोटं, डावीकडे दीड. च्यायला. करतो.

टपरीवरचा_चहा

एक अडाणी प्रश्न. पुतण्याला बाइकचं हेल्मेट घालून पाठवलं तर चालेल का? आयएसआयचं आहे, पक्कं.

ग्रिपटेप

नको. जड असतं, मानेवर भार येतो, कानावर येतं म्हणून मागून येणारा बोर्ड ऐकू येत नाही, आणि आत भट्टी होते. पोरगं दहा मिनिटांत काढून ठेवेल. सायकलचं त्यापेक्षा बरं, पण सायकलचं हेल्मेट एका जोरदार फटक्यासाठी बनवलेलं असतं. आतला थर्माकोलसारखा थर एकदा चेपला की काम संपलं, बाहेरून अखंड दिसलं तरी. स्केटिंगमध्ये छोटे फटके पुन्हा पुन्हा बसतात आणि डोक्याची मागची बाजू जास्त आपटते, म्हणून स्केटचं हेल्मेट मागे खालपर्यंत उतरतं. आत स्टिकरवर एएसटीएम एफ१४९२ (स्केट हेल्मेटचं मानक) लिहिलंय का बघा. बाजारात त्याच आकाराची नुसती प्लास्टिकची टोपलीही मिळते, तिच्यात स्टिकरच नसतो. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच सैल. पुढून दाबलं आणि डोळ्यांवर आलं तर मोठं आहे.

वेताची_दोरी

धाग्यावर वाचून कुणी थेट टाइल्सवर कोलांट्या मारू नयेत म्हणून सांगते. जवळपासच्या व्यायामशाळेत विचारा. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स किंवा ज्युदो जिथे चालतं तिथे गाद्या असतात आणि 'आम्हाला फक्त पडायला शिकायचंय' म्हटलं की शिकवणारे खूश होतात, कारण असं कुणी मागतच नाही. फुलपँट नको, घड्याळ आणि कडं काढून या, आणि खाऊन दोन तास झालेले असू द्या.

निवांत_४७

खालच्या पायरीपासून सुरुवात केली. चार आकडे मोजता मोजता तिसऱ्यालाच टाच टेकते. कठड्याला हात धरून केलं तर चालेल ना?

ग्रिपटेप

धरा की. दोन बोटांनी धरा, आठवड्याने एका बोटाने. पायरी उंच वाटत असेल तर आधी जाड पुस्तकावरून करा, भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. गुडघ्यात समोर टोचलं तर थांबा, मांडीत जळजळलं तर चालू द्या.